विषाला पाप म्हणावे काय?



देवळात पाऊल टाकले, घंटेला हात लावला, की गाभाऱ्याच्या अलीकडे जमिनीत बसवलेले दगडी कासव लागते. आपण त्याच्यापाशी क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि मग देवाकडे पाहतो. ते कासव तिथे का, असे कुणी विचारले तर आम्हा कीर्तनकारांपाशी उत्तर तयार असते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा आहे. कासव जसे अवयव आत ओढून घेते, तशी इंद्रिये विषयांवरून आवरावीत आणि मग देवापुढे जावे. चाळीस वर्षे मी हे सांगत आलो. पण खऱ्या कासवाविषयी, समुद्रातल्या जित्या कासवाविषयी, मी कधी विचार केला नव्हता. तो करण्याचा प्रसंग आला तो माझ्याच तोंडून गेलेल्या एका शब्दामुळे. तो शब्द परत घ्यायचा आहे, म्हणून हा लेख.

२०२४ सालच्या मार्च महिन्यात वर्तमानपत्रात एक बातमी आली होती. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला झांझिबार म्हणून बेटे आहेत, टांझानिया देशात मोडतात. त्यातल्या पेंबा बेटाच्या लगतच्या पांझा नावाच्या लहान बेटावर लोकांनी समुद्री कासवाचे मांस खाल्ले. तिकडे ते आवडीने खातात. ५ मार्चला खाल्ले, आणि पुढच्या चार दिवसांत आठ मुले आणि एक मोठे माणूस दगावले. आणखी ७८ जण दवाखान्यात पडले. दगावलेले ते मोठे माणूस म्हणजे एक बाई होती. तिचे मूल आधी गेले, मग ती गेली.

रामनवमीचा उत्सव चालला होता, आमच्या जरीपटक्यातच कीर्तनाला उभा होतो. विषय निघाला आहारशुद्धीचा. दृष्टान्त ताजा होता, तोंडाशी आला आणि मी बोलून गेलो, ''पाहा मंडळी, ज्या कूर्मरूपाने भगवंताने मंदराचल पाठीवर घेतला, ते कासव ज्यांनी खाल्ले त्यांना काय फळ मिळाले! अभक्ष्य भक्षण केले, विष होऊन बाहेर पडले. देवाच्या घरी न्याय आहे.'' टाळकऱ्यांनी टाळ उचलले, लोकांनी माना डोलावल्या. दृष्टान्त बसला, असे मला वाटले.

कीर्तन संपले, आरती झाली. बुक्का लावून घ्यायला बायामाणसे पुढे आली, त्यात शेजारच्या गल्लीतल्या एक वयस्क सिंधी बाई होत्या. जरीपटका ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींची वस्ती. आमचा त्यांचा शेजार फार जुना, आणि या बाई कित्येक वर्षे कीर्तनाला येऊन खांबाशी बसतात. बुक्का लावून घेतला आणि हळूच म्हणाल्या, ''महाराज, एक पुछना था. त्या बच्च्यांनी काय पाप केलं होतं? त्यांना तर आईने भरवलं ना?''

मी काहीतरी बोललो. पूर्वजन्म वगैरे. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ''माझा मोठा मुलगा पाच वर्षांचा होऊन गेला. शादीतलं जेवण होतं. त्याला नको होतं, मीच बळंच घास घातला. रात्री उलट्या सुरू झाल्या. दोन दिवसांत गेला. मी पण तेच खाल्लं होतं, मला काही झालं नाही.'' एवढे बोलून त्यांनी नमस्कार केला आणि निघून गेल्या.

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. त्या बाई पन्नास वर्षे एक घास मनात घेऊन जगल्या होत्या, आणि मी भर सभेत, वीणेच्या साक्षीने, सांगितले होते की विष हे पापाचे फळ आहे. म्हणजे पाप कुणाचे? मुलाचे की आईचे? मी ते म्हटले नव्हते, पण त्यांनी ऐकले ते तेच. आणि माझ्या वाक्याचा दुसरा अर्थ होतही नव्हता.

तेव्हा शास्त्र जाणणाऱ्याने शास्त्रानेच आपली परीक्षा घ्यावी, या न्यायाने बसलो.

पहिली गोष्ट. कासव हे अभक्ष्य, असे मी ठोकून दिले, त्याला आधार काय? आपण वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, मांस वर्ज्य मानतो, तो आपला नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण आमच्याच स्मृतींत पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी जे पाच खाण्याजोगे सांगितले आहेत, त्यांत कासव आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात त्याचे नाव आहे. रामायणात वाली मरताना रामाला दूषण देतो तिथेही ही यादी येते. पाठशाळेत परिसंख्येचे उदाहरण म्हणून आम्ही ती घोकलेली. तरीही कीर्तनात मला तिचे स्मरण झाले नाही, कारण ते सोयीचे नव्हते! जे आपल्या ग्रंथांत एके काळी भक्ष्य म्हणून गणले, ते दूरच्या बेटावरच्या कोळ्याने खाल्ले म्हणून देवाने त्याची मुले मारली, असे म्हणण्याचा अधिकार मला कुठून आला?

दुसरी गोष्ट, ते विष काय आहे ते समजून घेतले. एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, कासवाच्या मांसात हे विष नेहमी असते असे नाही. शंभर कासवे खाल्ली तरी बाधणार नाही आणि एकशे एकावे जीव घेईल. कासव समुद्रातले शेवाळ, स्पंज असे काय काय खाते, त्यातून ते विष त्याच्या अंगात साठत असावे असे जाणकार मानतात. त्या कासवाला स्वतःला काही होत नाही. मांसाचा रंग, वास, चव काही बदलत नाही. शिजवल्याने, उकळल्याने ते जात नाही. खाल्ल्यावर काही तासांनी किंवा काही दिवसांनी उलट्या होतात, तोंड आणि घसा भाजल्यासारखा होतो, जिभेवर फोड येतात, गिळवत नाही, मग गुंगी येते, आणि ज्यांचे दुर्दैव ते त्या गुंगीतून उठत नाहीत. याला उतारा नाही. ज्या त्या लक्षणावर उपचार करायचे, इतकेच डॉक्टरांच्या हाती. लहान मुलांना सर्वांत जास्त बाधते. आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती ऐकून मी सुन्नच झालो. आईने खाल्ले असेल तर तिच्या दुधातून ते अंगावर पिणाऱ्या बाळाला जाऊ शकते. बाळाने कासव पाहिलेले नाही, मांस चाखलेले नाही. ते आईच्या कुशीत दूध प्यालेले.

हे आफ्रिकेतच घडते असेही नाही. आपल्या देशात १९६०च्या दशकाच्या आरंभी केरळात कोल्लमच्या किनाऱ्याला असेच झाले, सव्वाशेहून अधिक लोकांना बाधा झाली आणि वैद्यकांनी त्याची नोंद करून ठेवली. २०१० साली प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशियाच्या एका बेटावर सहा माणसे गेली, त्यात चार मुले. म्हणजे जिथे जिथे खाल्ले, तिथे तिथे मुलांवरच घाव मोठा.

आता पूर्वपक्ष मांडू. कुणी म्हणेल, बुवा, या जन्मीचे नसेल तर मागच्या जन्मीचे पाप असेल. प्रारब्ध कुणाला चुकले आहे?

याला माझे उत्तर असे. हा उभयतःपाशा रज्जु आहे. दोरीचे दोन्ही टोकांना फास. कासव खाल्ल्याच्या पापाने मृत्यू आला म्हणाल, तर दूध पिणाऱ्या बाळाने कासव खाल्ले नाही. मागच्या जन्मीच्या पापाने आला म्हणाल, तर मग तो कासव खाल्ल्यामुळे आला असे म्हणता येत नाही, आणि माझा दृष्टान्त तिथेच मोडला. दोन्ही एकदम म्हणायचे, तर जे कोणत्याही दुःखाला लागू पडते ते त्या दुःखाविषयी काहीच सांगत नाही. कर्माचा सिद्धान्त खोटा, असे मी म्हणत नाही. माझी त्यावर श्रद्धा आहे. पण तो मला दिला आहे तो माझे स्वतःचे वागणे तपासायला. माझ्यावर संकट आले तर मी म्हणावे, बाबा रे, तुझेच काही चुकले असेल, सुधार. दुसऱ्याच्या लेकराच्या तिरडीपाशी उभे राहून तो सिद्धान्त सांगणे हा त्याचा दुरुपयोग आहे. मी तो केला.

आणि पूर्वपक्षाला पुरता निरुत्तर करणारी गोष्ट तर आपल्याच घरात घडलेली. त्याच २०२४च्या फेब्रुवारीतली. ६ तारखेला षट्तिला एकादशी होती. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील कोष्टवाडीला धार्मिक कार्यक्रमात प्रसाद झाला आणि सुमारे २००० लोकांना विषबाधा झाली. लगेच पुढची एकादशी २० तारखेची, जया एकादशी. बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा गावी हरिनाम सप्ताह चालू होता. विठ्ठल-रखुमाईचे देऊळ, एकादशीचा फराळ, भगर आणि आमटी. शेकडो लोकांना उलट्या-जुलाब. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा रस्त्यावर लोकांना निजवून, दोऱ्या बांधून, त्या दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ते चित्र पुष्कळांनी पाहिले असेल.

आता सांगा. पांझा बेटावर कासव खाल्ले म्हणून पाप, आणि पाप म्हणून विष. मग सोमठाण्यात काय खाल्ले होते? मांस नव्हे. एकादशी मोडली नव्हती, ती पाळली म्हणूनच भगर खाल्ली! हरिनाम घेऊन, देवाला दाखवून खाल्ले. माझा न्याय तिकडे लावायचा तर इकडेही लावला पाहिजे. इकडे लावायला जीभ धजत नाही. का? ते आपले लोक आहेत म्हणून. मग तिकडचे कुणाचे?

तात्पर्य काय, तर विष आणि पाप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आचार्यांनी एक भेद शिकवला आहे, वस्तुतंत्र आणि पुरुषतंत्र. जे वस्तूच्या स्वभावावर अवलंबून ते वस्तुतंत्र. जे करणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून ते पुरुषतंत्र. विस्तव भाजतो तो जाणून हात लावणाऱ्याला आणि रांगत जाणाऱ्या मुलाला सारखाच. ती वस्तूची शक्ती आहे, तिला आपल्या पुण्याची वा पापाची ओळख नाही. विष तसेच. पाप मात्र जाणण्यावर आणि इच्छेवर उभे राहते. जिथे जाणणे नाही, मारण्याची इच्छा नाही, उलट पोट भरावे, लेकराने खावे हीच इच्छा आहे, तिथे विष असेल पण पाप नाही. घास घालणाऱ्या आईचा हात निर्मळ आहे. हे मी शास्त्र समोर ठेवून सांगतो, कुणाचे मन राखायला नव्हे.

पण इथेच थांबले तर अर्धेच सांगितले असे होईल. कुणी म्हणेल, मग काय, कुणाचाच दोष नाही, झाले ते झाले? तसे नाही. ज्या क्षणी जाणणे येते, त्या क्षणी पुरुषतंत्र सुरू होते. झांझिबारात २०२१च्या नोव्हेंबरात अशाच तऱ्हेने कासव खाऊन सात माणसे गेली होती. म्हणजे गोष्ट कळलेली होती. तरी अडीच वर्षांच्या आत पुन्हा तेच. का? गरिबी आहे, मांसाची चव आहे, आणि सर्वांत घातक म्हणजे अनुभव आहे: ''आमच्या बापजाद्यांनी खाल्लं, काही झालं नाही.'' न्यायशास्त्रात याला व्याप्ती सिद्ध न होणे म्हणतात. शंभरदा धूर दिसला नाही म्हणून विस्तव नव्हताच असे ठरत नाही. २०२४च्या त्या घटनेनंतर सरकारने माणसे पाठवून पुन्हा लोकांना विनवले की कासव खाऊ नका.

आम्ही काय वेगळे करतो? ''इतकी वर्षं सप्ताह करतो बुवा, कधी काही झालं नाही.'' हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे, आणि हसून मान डोलावली आहे. मी गावोगावी सप्ताहांना गेलो, पंगतीला पहिल्या पाटावर बसलो, पण भटारखान्यात डोकावून पाहिले नाही. भगर दमट हवेत राहिली की तिला बुरशी धरते, ती बुरशी विष तयार करते. पीठ करून ठेवले तर आणखी लवकर. सरकारचे अन्न व औषध खाते हे सांगत असते. मी ते कीर्तनात कधी सांगितले का? एकादशीचे माहात्म्य तासभर सांगितले, आणि एकादशीच्या भगरीविषयी एक वाक्य नाही.

रामानुजांच्या संप्रदायात अन्नाचे तीन दोष सांगतात. अन्नाच्या जातीचा, अन्न देणाऱ्याचा, आणि केस, किडा, उष्टे अशा निमित्ताने लागणारा. पहिल्या दोहोंवर आम्ही भांडणे केली, पंगती मोडल्या, माणसांना उठवून लावले. तिसरा दोष, जो डोळ्यांनी पाहता येतो आणि हातांनी टाळता येतो, तो आचाऱ्यावर सोडून दिला. सुश्रुताने कल्पस्थानात राजाच्या स्वयंपाकघराची केवढी काळजी सांगितली आहे! आचारी कसा असावा, विषारी अन्नाच्या खुणा कोणत्या, सगळे. ती राजासाठी होती. पंगतीत बसलेला वारकरी हा आमचा राजाच नव्हे काय?

म्हणून सप्ताह करणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगतो. भगर सुटे पीठ घेऊ नका. अख्खी घ्या, निवडा, धुवा, त्याच दिवशी लागेल तेवढीच वापरा. वास, रंग बदललेला माल दान आला तरी घेऊ नका; दात्याचा मान राखण्यापेक्षा खाणाऱ्याचा जीव मोठा. शिजवले की गरम असताना वाढा, दुपारचे रात्री ठेवू नका. पाणी कुठून आणले ते पाहा. आणि एक शेवटची गोष्ट, जी सांगायला कीर्तनकारच पाहिजे, कारण उलटे शिकवले तेही आम्हीच. प्रसाद नाकारू नये, असे आम्ही म्हणतो. पण मुलाला नको असेल, वास बरा वाटत नसेल, शंका आली असेल, तर कपाळाला लावून बाजूला ठेवावा. त्यात देवाचा अपमान नाही. नैवेद्य दाखवला म्हणून वस्तूची शक्ती नाहीशी होत नाही. भगवान शंकरांनी हालाहल घशात धरले ते जगाने पिऊ नये म्हणून. आपण ते लेकरांना वाढावे म्हणून नव्हे.

राहिली गोष्ट कासवाची. ''मग बुवा, कासव खावे की नाही?'' खाऊ नये. पण विष आहे म्हणून नव्हे. विषाच्या भीतीने सोडले ती सावधगिरी झाली. चांगलीच आहे, पण तिला दया म्हणता येणार नाही. दया कशी असते ते पाहायचे तर कोकणात जावे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास म्हणून गाव आहे. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री येऊन अंडी घालतात. पूर्वी लोक ती अंडी काढून नेत. २००२ सालापासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. गावचीच माणसे पहाटे किनारा धुंडाळतात, अंडी कुंपणात हलवतात, सुमारे पन्नास दिवस राखण करतात, आणि पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण कासवाला आहेच, पण कायदा रात्री वाळूत येऊन बसत नाही. माणूस बसतो.

आपल्या संतांना कासवीची दृष्टी फार प्रिय. कासवी पिलांना पाजत नाही, दुरून नुसते पाहते आणि त्या पाहण्याने ती वाढतात, अशी जुनी समजूत; देवाची भक्तावरची दृष्टी तशी. प्राणिशास्त्र सांगते की समुद्री कासवी शंभरेक अंडी घालते, वाळूने झाकते आणि परत जाते; मागे वळून पाहत नाही. मग संतांचा दृष्टान्त खोटा का? मला तसे वाटत नाही. दृष्टान्त देवाविषयी आहे, कासवीविषयी नव्हे. आणि वेळासच्या वाळूत कुणीतरी पाहत बसलेले आहेच. जिथे आईला पाहता येत नाही, तिथे दुसऱ्याने पाहावे. देवाची दृष्टी अशीच कुणाच्या तरी डोळ्यांतून येत असावी. सप्ताहाच्या भटारखान्यातही तशी एक दृष्टी हवी, एवढेच माझे मागणे.

पुढच्या एकादशीला मी त्याच देवळात कीर्तनाला उभा राहिलो. अभंगाला हात घालण्याआधी सांगितले, ''मंडळी, मागे मी इथे पेंबाच्या लोकांविषयी बोललो ते चुकले. ती मुले निरपराध होती आणि त्यांच्या आयाही. विष हे विष असते, ते पाप नव्हे. देवाच्या नावावर मी जो न्याय खपवला तो माझा होता, देवाचा नव्हता.'' मृदंग्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिले. सभेत कुणी काही बोलले नाही.

त्या बाई खांबाशी बसल्या होत्या. आरतीनंतर आल्या, बुक्का लावून घेतला. त्या गोष्टीविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत, मीही बोललो नाही. जाताना मात्र वळून म्हणाल्या, ''महाराज, त्याचं नाव किशन होतं.'' पन्नास वर्षांत त्यांनी ते नाव कुणापुढे घेतले होते की नाही, मला ठाऊक नाही. मी हात जोडले.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!